शेवट नसलेल्या कथेचा ऱ्हास

'ऱ्हास' हा शब्द समीक्षेने सजीव सृष्टीतून उसना घेतला आहे. जे जन्मते, वाढते आणि बहरते त्याचाच ऱ्हास होऊ शकतो. दगडाची झीज होते, त्याचा ऱ्हास होत नाही. एखाद्या वाङ्मयप्रकाराचा, एखाद्या लेखकाच्या प्रतिभेचा किंवा नाट्यपरंपरेचा ऱ्हास झाला असे म्हणताना तिला एक आयुष्य होते आणि त्या आयुष्याला एक माध्यान्ह होता, हे गृहीत धरलेले असते. मग जिची पात्रे वयाने वाढत नाहीत, जिच्यातील जवळजवळ प्रत्येक घटना पुढच्या आठवड्यात पुसली जाते आणि जी संपण्याचे नाव घेत नाही, अशा कथेच्या संदर्भात हा शब्द कोणत्या अर्थाने वापरावयाचा? 'द सिम्पसन्स' या अमेरिकन ॲनिमेटेड विनोदी मालिकेच्या चाहत्यांमध्ये तीस वर्षांपेक्षा अधिक काळ जो वाद चालू आहे, त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो वाद पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु कलाकृतीची एकसंधता, कर्तृत्व, स्मृती आणि समाप्ती या समीक्षेच्या जुन्याच प्रश्नांना तेथे सामान्य प्रेक्षक आपल्या भाषेत भिडलेला दिसतो, आणि कित्येकदा तो व्यावसायिक समीक्षकापेक्षा अधिक जिवाच्या आकांताने भिडलेला असतो. म्हणूनच या वादाकडे गांभीर्याने पाहणे अगत्याचे ठरते.

मॅट ग्रेनिंग यांनी रेखाटलेले हे कुटुंब १९८७ साली ट्रेसी उलमन यांच्या कार्यक्रमातील छोट्या छोट्या प्रवेशांतून प्रथम दिसले. जेम्स एल. ब्रूक्स आणि सॅम सायमन यांच्या सहकार्याने त्याची अर्ध्या तासाची मालिका झाली आणि तिचा पहिला भाग १७ डिसेंबर १९८९ रोजी फॉक्स वाहिनीवरून प्रसारित झाला. अणुवीजकेंद्रात काम करणारा आळशी, खादाड पण अंतर्यामी प्रेमळ होमर. संसार सावरणारी मार्ज. दहा वर्षांचा व्रात्य बार्ट. आठ वर्षांची बुद्धिमान आणि एकाकी लीसा. आणि अद्याप बोलू न लागलेली मॅगी. स्प्रिंगफील्ड हे त्यांचे गाव कोणत्या राज्यात आहे हे मुद्दामच संदिग्ध ठेवलेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये या मालिकेने ६३६ वा भाग सादर करून 'गनस्मोक' या जुन्या मालिकेचा ६३५ भागांचा विक्रम मागे टाकला, आणि २०२३ च्या मेमध्ये तिने ७५० चा टप्पा गाठला. या सर्व काळात बार्ट दहा वर्षांचाच राहिला.

आता १९८९ साली स्वतः दहा वर्षांचा असलेला एक प्रेक्षक कल्पनेत आणावा. त्याने बार्टला समवयस्क म्हणून पाहिले. वीस-बावीस वर्षांचा झाला तेव्हा बार्ट त्याच्या धाकट्या भावाच्या वयाचा झाला होता. आणखी काही वर्षांनी तो होमरच्या वयाला येऊन पोचला, आणि आज तो होमरपेक्षाही मोठा आहे. ज्या बापाच्या मूर्खपणाला तो लहानपणी हसला, त्या बापाचे कर्ज, नोकरीचा कंटाळा आणि मुलीपुढे वाटणारी ओशाळगत आता त्याला आतून कळते. पडद्यावरचे कुटुंब जागच्या जागी आहे आणि पाहणारा मात्र त्या कुटुंबातील एकेका सदस्याच्या वयातून पुढे सरकत गेला आहे. कादंबरीच्या वाचकाला असा अनुभव पुनर्वाचनात येतो. पण पुनर्वाचनात संहिता तीच असते. येथे संहिता दर आठवड्याला नवी येते आणि तरीही ती आपण तीच असल्याचा दावा करते. ऱ्हासाचा वाद या दाव्यातून जन्मतो.

या प्रेक्षकाने काय गमावले असे त्याला वाटते, हे पाहण्यासाठी त्याच्या आवडीचे दोन भाग पुरेसे आहेत. एप्रिल १९९१ मधील एका भागात लीसाच्या वर्गावर बर्गस्ट्रॉम नावाचे बदली शिक्षक येतात. प्रथमच कोणीतरी तिच्या बुद्धीला प्रतिसाद देते. आणि ते निघून जातात तेव्हा आगगाडीच्या फलाटावर तिच्या हाती एक चिठ्ठी ठेवतात, तिच्यात 'तू लीसा सिम्पसन आहेस' एवढेच लिहिलेले असते. जानेवारी १९९५ मधील दुसऱ्या भागात, आवडते काम सोडून अणुवीजकेंद्रात परतावे लागलेल्या होमरच्या टेबलासमोर मालक एक पाटी लावतो. तू येथे कायमचा आहेस, हे विसरू नकोस, अशा आशयाची. होमर धाकट्या मुलीची छायाचित्रे त्या पाटीवर अशा रीतीने चिकटवतो की उरलेल्या अक्षरांतून वेगळेच वाक्य तयार होते: हे तिच्यासाठी कर. दोन्ही प्रसंगांत विनोद आणि करुण यांची सांधेजोड जाणवत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, बर्गस्ट्रॉम गुरुजी पुढच्या आठवड्यात नसतात, लीसाला त्यांची आठवण काढण्याचेही कारण पडत नाही. परंतु लीसाकडे पाहणारा प्रेक्षक पूर्वीचा राहिलेला नसतो. घटना पुसल्या गेल्या तरी त्यांनी पात्रावर चढवलेला भावनेचा थर पुसला जात नाही. मालिका आणि तिचा प्रेक्षक यांच्यात हाच अलिखित करार होता: विसरण्याचे काम पात्रांनी करावयाचे, आणि लक्षात ठेवण्याचे प्रेक्षकाने.

हा करार नेमका कधी मोडला, यावर चाहत्यांचे एकमत नाही. कोणी आठव्या पर्वाच्या अखेरीस रेषा ओढतो, कोणी नवव्या, कोणी दहाव्या. रेषा कोठेही ओढली तरी १९९७ हे वर्ष तिच्या आसपास येतेच, आणि विशेष म्हणजे मालिकेला स्वतःलाच त्या वर्षी या प्रश्नाची जाणीव झालेली दिसते. ९ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रसारित झालेला भाग हा मालिकेचा १६७ वा भाग होता; या भागाने १९६० च्या दशकातील 'द फ्लिन्टस्टोन्स' या मालिकेची १६६ ही भागसंख्या ओलांडली. त्या भागात बार्ट आणि लीसा पाहत असलेल्या मांजर-उंदराच्या हिंसक कार्टूनची लोकप्रियता घटू लागते. वाहिनीचे अधिकारी त्यात एक नवे, 'आधुनिक' कुत्र्याचे पात्र घुसडतात आणि ते सपशेल फसते. लीसा अधिकाऱ्यांना सांगते की कार्टूनमध्ये काही बिघडलेले नाही, इतक्या वर्षांनंतर पात्रांचा प्रभाव पूर्वीसारखा राहत नाही, एवढेच. ऱ्हासाचे यापेक्षा शांत आणि कदाचित यापेक्षा अचूक निदान नंतरच्या कोणत्याही टीकाकाराने केलेले नाही.

याच भागात गावातील कॉमिक पुस्तकांचा दुकानदार 'आजवरचा सर्वांत वाईट भाग' असा निकाल देतो. हे वाक्य पुढे चाहत्यांच्या जगात म्हणीसारखे रूढ झाले. बार्ट त्याला विचारतो की त्या मंडळींनी तुझे हजारो तास फुकट रमवले; ते तुझे काय देणे लागतात? उलट तूच त्यांचे देणे लागतोस. प्रश्न बिनतोड वाटतो, आणि लेखकांनी तो चाहत्यांच्या तोंडावर फेकला आहे हेही उघड आहे. तथापि त्यात एक गफलत आहे. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल गिऱ्हाइकाने करावी तशी चाहत्याची तक्रार नसते. बर्गस्ट्रॉम गुरुजींची चिठ्ठी लीसाने हरवली असेल, प्रेक्षकाने ती सांभाळून ठेवली आहे. मालिकेच्या गतकाळाचा तो एकमेव राखणदार आहे, कारण मालिकेच्या आतील कोणालाच तो गतकाळ आठवत नाही. राखणदाराला मालकीहक्क नसतो हे खरे. पण राखलेल्या वस्तूची मोडतोड होताना ओरडण्याचा हक्क त्याला नसेल, तर मग कोणाला असावा?

अशी मोडतोड त्याच वर्षी २८ सप्टेंबरला झाली, असे बहुसंख्य चाहते मानतात. शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे स्किनर नव्हतेच. युद्धात हरवलेल्या एका सार्जंटचे नाव, घर आणि आई घेऊन जगणारे ते आर्मिन टॅमझेरियन नावाचे तोतये होते, असे त्या दिवशीच्या भागात उघड होते. खरा स्किनर परत येतो, गावाला तो आवडत नाही, गावकरी त्याला आगगाडीला बांधून रवाना करतात आणि न्यायाधीश फर्मान काढतात की या प्रकरणाचा पुन्हा उच्चार करणाऱ्याला यातना दिल्या जातील. स्किनरला आवाज देणारे हॅरी शीअरर यांनीही या भागाला उघड विरोध नोंदवला. प्रेक्षकांनी आठ-नऊ वर्षे ज्यात जीव गुंतवला ते विनाकारण उधळून लावले, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उलट भागाचे लेखक केन कीलर यांच्या मते ही कथा जे आहे ते जसेच्या तसे राहावे असा हट्ट धरणाऱ्या समूहाची, म्हणजे पर्यायाने प्रेक्षकांचीच होती. कीलर यांचा युक्तिवाद बुद्धीला पटण्यासारखा आहे. तो हृदयाला का पटत नाही, याचे उत्तर वर सांगितलेल्या करारात सापडते. स्किनरचे आईच्या धाकात जगणे, त्याची हुकलेली प्रेमप्रकरणे, युद्धाच्या आठवणींनी मध्येच गोठणारा त्याचा चेहरा हे सारे पात्रावर साचलेले थर होते. तोतयेगिरीच्या खुलाशाने ते सर्व थर मागे जाऊन खोटे ठरवले. पात्राने विसरणे कराराला धरून होते. प्रेक्षकाने लक्षात ठेवलेले खोटे ठरवणे मात्र कराराबाहेरचे होते. न्यायाधीशाने विसरण्याची सक्ती गावावर केली, तरी ती खरोखर लागू होते प्रेक्षकाला.

येथे एक तपशील नोंदवण्यासारखा आहे. चाहत्यांनी मालिकेच्या इतिहासाची विभागणी लेखनकक्षाच्या सूत्रधारांच्या नावांनी केली आहे. अल जीन आणि माइक रीस, मग डेव्हिड मर्किन, मग बिल ओकली आणि जॉश वाइनस्टीन, मग माइक स्कली, आणि पुन्हा अल जीन. बखरीत राजवटी सांगाव्यात तशी ही नामावळी सांगितली जाते, आणि ऱ्हासाचा ठपका सामान्यतः १९९७ ते २००१ या काळातील स्कली यांच्यावर ठेवला जातो. प्रत्यक्षात टॅमझेरियनची कथा प्रसारित झाली नवव्या पर्वात, पण तिची निर्मिती आठव्या पर्वासाठी, ओकली-वाइनस्टीन यांच्या अमदानीत झाली होती. म्हणजे ज्या भागाला ऱ्हासाचा आरंभबिंदू मानले जाते तो सुवर्णयुगाच्याच कारखान्यात घडलेला होता. डझनावारी लेखक, चित्रकार आणि नट मिळून जी संहिता घडवतात तिच्यात एक कर्ता शोधण्याची ओढ किती प्रबळ असते, हे यावरून दिसते. लेखकाच्या मृत्यूची घोषणा सिद्धान्ताने कधीच केली; चाहता मात्र अजून लेखकाला जबाबदार धरतो, कारण ज्याच्याशी भांडता येईल असा कोणीतरी त्याला हवा असतो.

चाहत्यांच्या वादातून समीक्षेला उपयोगी पडेल अशी एक संज्ञाही जन्मली आहे. शेजारी राहणाऱ्या नेड फ्लँडर्सच्या नावावरून तिला 'फ्लँडर्सीकरण' म्हणता येईल. आरंभी फ्लँडर्स हा होमरला मत्सर वाटावा असा सुस्थितीतला, मनमिळाऊ, बापाची कर्तव्ये नीट पार पाडणारा गृहस्थ होता. धार्मिकता ही त्याच्या अनेक गुणांपैकी एक होती. पुढे त्या एका गुणाने इतर सर्व गुण गिळले आणि कर्मठपणाचे नाव फ्लँडर्स झाले. होमरच्या बाबतीत निष्काळजीपणाने, लीसाच्या बाबतीत उपदेशाने हेच केले, असे चाहत्यांचे म्हणणे आहे. दीर्घजीवी पात्राचा हा अटळ विकार आहे काय? प्रहसनातील ठोकळेबाज पात्रे पहिल्या प्रवेशापासून तशीच असतात, त्यामुळे त्यांच्याविषयी अशी तक्रार उद्भवत नाही. तक्रार उद्भवते ती व्यक्ती म्हणून ओळख झालेल्या माणसाचा हळूहळू ठोकळा होताना पाहावे लागते तेव्हा. वय न वाढणाऱ्या माणसाला अनुभवातून बदलता येत नाही. त्याला नवे काहीतरी करावयास लावायचे तर आहे तेच वाढवावे लागते. फ्लँडर्सीकरण हे कालहीनतेने पात्राकडून वसूल केलेले व्याज आहे.

मे १९९७ मधील एका भागात जॉन स्वार्ट्झवेल्डर या मालिकेच्या सर्वांत बहुप्रसव लेखकाने या साऱ्या व्यवस्थेची निर्दय झडती घेतली होती. फ्रँक ग्राइम्स नावाचा एक कष्टाळू, दुर्दैवी माणूस होमरच्या कचेरीत नोकरीला येतो. तो स्प्रिंगफील्डच्या नियमांनी नव्हे, वास्तवाच्या नियमांनी जगतो. होमरचा हलगर्जीपणा आणि त्याचे मोठे घर यांचा मेळ त्याला लागत नाही. आणि शेवटी होमरसारखे वागून दाखवण्याच्या संतापात तो विजेचा धक्का बसून मरतो. अंत्यविधीत होमर झोपेत बरळतो आणि शोक करायला आलेली माणसे हसतात. हा भाग कित्येकांना त्या वेळी असह्य वाटला. पुढे अनेकांनी तो श्रेष्ठ ठरवला. ग्राइम्स हा कथेत शिरलेला काळ आहे, आणि कथा त्याला जिवंत ठेवू शकत नाही.

उंबेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात अशा नायकाची अडचण दाखवली आहे. नायकाने काही निर्णायक कृती केली, उदाहरणार्थ लग्न केले, तर तो मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो, झिजतो. त्याने झिजू नये म्हणून त्याच्या कथा स्वप्नासारख्या वातावरणात घडवाव्या लागतात, जेथे आधी काय घडले आणि नंतर काय, हे धूसर राहते. सिम्पसन कुटुंबाची अडचण यापेक्षा बिकट आहे. सुपरमॅनचे विश्व मुळात अद्भुताचे आहे. होमरचे विश्व मात्र पगार, दूरचित्रवाणी, निवडणुका आणि उपहासाचे, म्हणजे विशिष्ट तारखेचे आहे. १९९१ साली दाखवलेल्या पूर्वकथेत होमर आणि मार्ज १९७४ मध्ये शाळेत भेटतात. २००८ सालच्या एका भागात तेच दोघे १९९० च्या दशकात तरुण असल्याचे दाखवले, आणि होमर त्या काळच्या धर्तीचे संगीत वाजवणारा वादक झाला. हिशेब निर्दोष आहे: होमर चाळिशीच्या आतच राहायचा तर त्याचे तारुण्य पुढे सरकलेच पाहिजे. परंतु ज्या दशकात ही मालिका स्वतः बहरली तेच दशक आता होमरच्या स्मरणरंजनाचा विषय झाले, आणि चाहत्याने त्या दशकात पाहिलेला बाप जणू कधी अस्तित्वातच नव्हता असे ठरले. त्या भागावर चाहते का संतापले, हे केवळ विनोदाच्या दर्जावरून उलगडत नाही.

रेषांना वय नसते, आवाजाला असते. मार्जला आरंभापासून आवाज देणाऱ्या ज्यूली कॅव्हनर यांचा जन्म १९५० सालचा. अलीकडच्या पर्वांत तो आवाज थकलेला, खरखरीत झालेला कोणाच्याही कानाला जाणवतो. चित्र तिशीतल्या स्त्रीचे आणि आवाज सत्तरी ओलांडलेल्या स्त्रीचा, हे ऐकताना वादातील दोन्ही पक्ष थोडा वेळ गप्प होत असावेत. ज्या काळाला कथेने बाहेर ठेवले तो येथे फटीतून आत आला आहे. त्याला ऱ्हास म्हणणे क्रूरपणाचे होईल. आणि न म्हणावे तर ऱ्हास या शब्दात मूळचाच जो जैविक अर्थ आहे, तो याच ठिकाणी तंतोतंत लागू पडतो.

आतापर्यंतचा विचार सुवर्णयुग होते हे मान्य करून चालला आहे. त्या गृहीतालाच हादरा देणारा चाहताही याच वादात आहे, आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केल्यास विवेचन एकांगी होईल. स्प्रिंगफील्डमधील किराणा दुकान चालवणारा अपू नहासपीमापेटिलॉन १९९० पासून मालिकेत आहे. त्याचा हेल काढून बोललेला 'भारतीय' उच्चार हँक अझारिया या अमेरिकन नटाचा. अपूला संगणकशास्त्रातील डॉक्टरेट आहे, आणि मे १९९६ च्या एका भागात स्थलांतरितविरोधी लाटेची खिल्ली उडवताना मालिका त्याच्या बाजूने ठाम उभी राहिली होती. तरीही अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय मुळाच्या मुलांना शाळेच्या आवारात त्या उच्चाराने चिडवले जात होते, आणि दूरचित्रवाणीवर त्यांच्यासारखे दुसरे कोणी जवळजवळ नव्हतेच. हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७ साली काढलेल्या माहितीपटात हे सांगितले. आणि सांगणारा मालिकेचा शत्रू नव्हता, तिच्यावर प्रेम करीत वाढलेला होता. त्याच्या दृष्टीने दुखणे सुवर्णयुगानंतर सुरू झाले नव्हते, ते सुवर्णयुगाच्या आतच होते.

८ एप्रिल २०१८ च्या भागात मालिकेने या टीकेला उत्तर दिले. मार्ज आपल्या बालपणीचे एक आवडते पुस्तक आक्षेपार्ह मजकूर काढून लीसाला वाचून दाखवते आणि पुस्तक नीरस होते. मग लीसा प्रेक्षकांकडे वळून म्हणते की जे पूर्वी निरुपद्रवी मानून वाखाणले गेले ते आज चुकीचे ठरते, तर करणार काय. आणि तिची नजर अपूच्या छायाचित्राकडे जाते. उत्तर तकलादू होते, यापेक्षा ते लीसाच्या तोंडी घातले गेले ही गोष्ट अधिक बोलकी आहे. दुर्बलाच्या बाजूने हटकून उभी राहणारी, त्यासाठी हास्यास्पद ठरणेही पत्करणारी मुलगी येथे खांदे उडवते. फ्लँडर्सीकरणाची तक्रार करणारा जुना चाहता आणि अपूच्या उच्चाराने दुखावलेला चाहता, दोघेही एरवी परस्परांना ओळखतही नाहीत. या एका दृश्यात मात्र दोघांनाही एकच म्हणणे मांडता येते, की ही आमची लीसा नव्हे. २०२० च्या जानेवारीत अझारिया यांनी आपण हा आवाज सोडल्याचे जाहीर केले, आणि गोऱ्या नटांनी इतर वंशांच्या पात्रांना आवाज देऊ नये असे मालिकेने त्याच वर्षी ठरवले. अपू मात्र पार्श्वभूमीत मुका उभा राहिला. ज्याचे नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतून आले, त्याचे हे प्राक्तन विलक्षण आहे. १९५५ ते १९५९ या काळातील त्या तीन चित्रपटांत अपू बालकाचा तरुण होतो आणि तरुणाचा बाप. बहीण, वडील, आई आणि पत्नी गमावून अखेर आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन निघतो. स्प्रिंगफील्डच्या अपूला वाढण्याची मुभा नव्हती. वाढता येत नाही म्हणून सुधारताही येत नाही, आणि सुधारता न आल्यामुळे गप्प करावे लागते. ज्या कालहीनतेने होमरला चिरतरुण ठेवले तिनेच अपूला कोंडून घातले.

ऱ्हासवाद्यांविरुद्धचा पक्षही दुबळा नाही. सुवर्णयुग आठवताना स्मृती दर पर्वातील उत्तम तेवढे निवडते, आणि वर्तमानाकडून मात्र प्रत्येक आठवड्याचा हिशेब मागते. २०१५ च्या डिसेंबरमधील बार्टच्या वाढत्या वयाची कल्पना करणारा भाग, किंवा २०२२ च्या फेब्रुवारीत बर्फाळ रानात अडकलेल्या होमर आणि मार्जचा जवळजवळ दोघांच्याच संवादांवर उभा राहिलेला भाग, हे निःपक्षपातीपणे पाहिल्यास जुन्या भागांच्या पंक्तीला बसू शकतात. शिवाय २००० नंतर जन्मलेल्या प्रेक्षकाची पहिली भेट विसाव्या किंवा पंचविसाव्या पर्वात झाली असेल, तर त्याचे सुवर्णयुग तेथेच असणार. हे सर्व मान्य केले तरी जुन्या चाहत्याचे समाधान होणार नाही. त्याला चांगले भाग हवे आहेत, हे त्याच्या मागणीचे वरवरचे रूप आहे. त्याला खरोखर हवा आहे तो शेवट.

माणूस नेहमी मध्येच जन्मतो आणि मध्येच मरतो, म्हणून आरंभ आणि शेवट यांची सांगड घालणाऱ्या कथांची त्याला गरज असते, असे प्रतिपादन फ्रँक कर्मोड यांनी १९६७ सालच्या 'द सेन्स ऑफ ॲन एन्डिंग' या ग्रंथात केले. शेवटावाचून मधल्या क्षणांना अर्थ लाभत नाही. या मालिकेने शेवटाशी अनेकदा खेळ केला आहे. ११ डिसेंबर २०११ चा भाग मालिका बंद पडल्यास निरोपाचा ठरावा अशा बेताने लिहिला होता. मालिका चालू राहिली आणि निरोप नुसताच एक भाग होऊन बसला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी प्रसारित झालेल्या भागात तर निरोपाच्या भागाचेच विडंबन आहे: बार्टचा अकरावा वाढदिवस येतो, गावातील एकेकाची कहाणी संपू लागते, आणि बार्ट त्या समाप्तीच्या विरोधात बंड करून दहा वर्षांचाच राहतो. हसून झाल्यावर लक्षात येते की त्या मुलाला जे भय वाटले तेच चाहत्याला हवे होते, आणि चाहत्याला ज्याचे भय आहे ते त्या मुलाला कधीच येणार नाही.

म्हणूनच चाहते आपापली रेषा ओढतात. आठव्या पर्वाच्या अखेरीस ओढलेली रेषा दर्जाचा निर्णय म्हणून मांडली जाते. तिचे कार्य मात्र वेगळे आहे. निर्मात्यांनी जो शेवट दिला नाही तो प्रेक्षक स्वतः देतो, आणि त्यायोगे अखंड वाहणाऱ्या निर्मितीतून एक आकार असलेली कलाकृती कापून काढतो. त्या आकारात बर्गस्ट्रॉम गुरुजींची आगगाडी सुटते, होमर पाटीवर छायाचित्रे चिकटवतो, ग्राइम्स मरतो आणि पडदा पडतो. रेषा कोठे ओढली यावरून त्या प्रेक्षकाने मालिकेत काय शोधले होते हे समजते. आणि रेषेच्या आत अपूचा आवाजही आलाच आहे, हे ज्याला दिसते त्याची रेषा अधिक प्रामाणिक ठरते. परंपरेचा अभिजात काळ ठरवताना साहित्येतिहासकार यापेक्षा फार वेगळे काही करीत असतो असे नाही. त्याच्याजवळ संदर्भ अधिक असतात आणि आवाज खालचा असतो. रेषेपलीकडे लिहिणारे जिवंत लेखक आहेत, त्यांना आपल्या हयातीतच उत्तरकाल ठरवले गेल्याचे दुःख सोसावे लागते, ही किंमत मात्र दोघांनीही मोजलेली नसते. ती दुसऱ्यांकडून मोजून घेतलेली असते. ऱ्हासाचा निर्णय देताना एवढे भान राहिले, तर तो निर्णय कठोर असूनही न्याय्य होऊ शकतो. हे भान सुटले की समीक्षक कितीही व्युत्पन्न असो, त्याच्यात आणि कॉमिक पुस्तकांच्या त्या दुकानदारात फक्त शब्दसंग्रहाचे अंतर उरते.